मदत हवी आहे: दमवलेल्या उंदरांच्या हार्टमध्ये एमडीएचा फरकच येत नाहीये

पिपेटवाली:
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा प्लीज, सोमवारी गाईडना डेटा दाखवायचाय. उंदीर दमेपर्यंत पोहवले, लगेच हार्ट, लिव्हर आणि मांडीचा मसल काढला. लिव्हर आणि मसलमध्ये एमडीए (पेशीतली चरबी ऑक्सिडाइझ झाली की बनणारा पदार्थ, टीबीए हे केमिकल घालून उकळल्यावर येणाऱ्या गुलाबी रंगावरून मोजला) कंट्रोलपेक्षा, म्हणजे न दमवलेल्या उंदरांपेक्षा, छान वर गेलाय, पण हार्टमध्ये दोन्ही ग्रुप सारखेच आणि दोन्ही नको तितके जास्त. परत रन केलं तरी तेच. अतिश्रमाने हार्टवर येणारा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (फ्री रॅडिकल या अस्थिर रेणूंनी पेशींचं होणारं नुकसान) हाच तर थिसिसचा विषय आहे, आता लिहू काय? केमिकल खराब असेल का?

निवृत्त_मास्तर:
केमिकलला नंतर शिव्या घाला. विस्टार (लॅबचे मोठे पांढरे उंदीर) की छोटे माइस? शेपटीला वजन किती टक्के? पाणी किती डिग्री? आणि 'दमला' हे ठरवलं कशावरून? बुडाल्यावर १० सेकंदांत वर आला नाही की काढायचा, असा आमच्याकडे नियम होता. पाणी गार असेल तर उंदीर गारठून बुडतो आणि आपण लिहितो व्यायामाने दमला.

घाटधाव:
मी साताऱ्याची हिल हाफ आणि मुंबईची फुल पळालोय त्यामुळे अनुभवाने सांगतो, मॅरेथॉननंतर बऱ्याच जणांचं ट्रोपोनिन (हार्टवर ताण आला की रक्तात येणारं प्रोटीन) वाढलेलं दिसतं आणि दोन-तीन दिवसांत बहुतेकांचं खाली येतं, घाबरायचं काही नाही. मी रोज व्हिटॅमिन सी आणि ई घेतो, त्याने फ्री रॅडिकल मरतात. तुम्हीपण चालू करा.

दहीभात:
@घाटधाव, उंदरांनी चालू करायचं की ताईंनी? 😄 आणि रोज घेणं इतकं निर्धोक नाही. २००९ मध्ये जर्मनीत रिस्टो यांच्या टीमने तरुणांना व्यायामाबरोबर रोज १००० मिग्रॅ सी आणि ४०० आययू ई दिलं, तर व्यायामाने इन्सुलिनचा जो फायदा व्हायला हवा तोच दिसला नाही. थोडे रॅडिकल शरीराला लागतात, त्यांच्यामुळेच आतली अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स वाढतात.

पिपेटवाली:
विस्टार, २०० ते २५० ग्रॅम, वजन ५ टक्के, पाणी ३५ डिग्री. हे सगळं तर ठरलेलंच असतं ना! माझा प्रश्न हार्टचा आहे.

दहीभात:
मग उत्तर साधं आहे, हार्टमध्ये फरक नसेलच. ते जन्मभर न थांबता ऑक्सिजनवर चालतं, त्याच्या पेशीचा जवळपास तिसरा हिस्सा मायटोकाँड्रियाच असतात, त्याला पोहण्याचं काय कौतुक. १९८२ चा डेव्हिस आणि पॅकर वगैरेंचा गाजलेला पेपर बघा, दमवलेल्या उंदरांत रॅडिकलचा सिग्नल दोन-तीन पट वाढला तो मसल आणि लिव्हरमध्येच. निगेटिव्ह रिझल्ट म्हणून लिहून टाका.

कडकलक्ष्मी:
@दहीभात, कंट्रोलसुद्धा जास्त आलाय हे वाचलंत का? हार्ट खरंच दाद देत नसतं तर दोन्ही ग्रुप खाली असते. @पिपेटवाली, हार्ट सलाईनने नीट धुतलं होतं का? आत रक्त राहिलं की हिमोग्लोबिन ५३२ नॅनोमीटरच्या रीडिंगमध्ये (जिथे एमडीएचा गुलाबी रंग मोजतो) घुसतं आणि त्यातलं लोह उकळताना नवीन एमडीए तयार करत बसतं. बीएचटी (उकळताना नवीन एमडीए होऊ न देणारं अँटिऑक्सिडंट) घातलं होतं? कंट्रोल उंदीर पिंजऱ्यात बसून होते की त्यांनाही पाण्यात सोडलं होतं? आणि मुख्य म्हणजे ट्यूबचा रंग कसा येतोय?

गुळवेल:
हृदयासाठी अर्जुनसालीचा काढा उत्तम. तसेच आमच्या सासऱ्यांना ट्रेडमिलवर स्ट्रेस टेस्ट सांगितली आहे, वय ७१, करावी का?

पिपेटवाली:
काकू, ती टेस्ट वेगळी, त्यांच्या डॉक्टरांना विचारा. @कडकलक्ष्मी, धुतलं होतं, बीएचटी पण होतं. लिव्हरच्या ट्यूब मस्त गुलाबी, हार्टच्या जरा पिवळट नारिंगी, मला वाटलं टिश्यू वेगळा म्हणून. बफर पण वेगळा आहे, हार्टमधून मायटोकाँड्रियाही काढायचे होते म्हणून ते सुक्रोजमध्ये घोटलं, लिव्हर-मसल केसीएलमध्ये (पोटॅशियम क्लोराइड).

कडकलक्ष्मी:
सुक्रोज!!! अहो हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं ना. ९५ डिग्रीला तासभर टीबीएबरोबर ठेवलं की साखरपण रंग देते, पिवळट नारिंगी, आणि त्या रंगाचं शेपूट ५३२ पर्यंत पोचतं. तुम्ही दोन्ही ग्रुपमध्ये साखर मोजताय, खरा फरक असेलच तर त्याखाली दबलाय. ४०० ते ६०० स्कॅन घ्या, ४५० च्या आसपास उंचवटा दिसला की समजा तेच. नुसत्या सुक्रोज बफरचा ब्लँकही उकळा. राहिलेला टिश्यू असेल तर १.१५ टक्के केसीएलमध्ये घोटा.

निवृत्त_मास्तर:
एवढ्या एका टीबीएवर थिसिस उभा करू नये. ग्लुटाथायोन या पेशीतल्या अँटिऑक्सिडंटचं जीएसएच-जीएसएसजी, म्हणजे शाबूत आणि ऑक्सिडाइझ झालेल्याचं, गुणोत्तर काढा.

कडकलक्ष्मी:
सर, जीएसएच घोटतानाच एनईएम (त्याला बांधून ठेवणारं केमिकल) घालून अडवावं लागतं, नाहीतर ते हवेनेच ऑक्सिडाइझ होतं. साठवलेल्या होमोजिनेटमधून (घोटलेल्या टिश्यूतून) काढलेलं गुणोत्तर तर मी बघणारही नाही.

निवृत्त_मास्तर:
आमच्या काळी एनईएमशिवायच पेपर छापून यायचे.

दहीभात:
म्हणूनच तर कुणाचे आकडे कुणाशी जुळत नाहीत 😂

पिपेटवाली:
काही हार्टचा अर्धा भाग -८० डिग्रीच्या फ्रीझरमध्ये आहे, उद्या तोच घोटते. पण सोमवारी काय दाखवू?

कडकलक्ष्मी:
स्कॅन दाखवा, लिव्हर आणि मसल दाखवा. हार्टचे आत्ताचे आकडे टेबलात टाकू नका. आणि कंट्रोलचं उत्तर अजून आलेलं नाही, पिंजऱ्यात होते की पाण्यात?

घाटधाव:
मग मी व्हिटॅमिन ई बंद करू का?