बाळ्या घरी ऐकतो, पुळणीत (किनाऱ्यावरच्या वाळूत) गेला की ओळखही दाखवत नाही. काय करू?

हर्णैची_सून: आमचा बाळ्या, गावठी कुत्रा, दहा महिन्यांचा. घरी एकदम शहाणं पोर, पडवीत बस म्हटलं की बसतो. पण संध्याकाळी बंदराच्या बाजूला मासळीचा लिलाव चालू असताना फिरायला नेला की संपलं, टोपलीतून सांडलेली मांदेली, कुर्ल्यांची बिळं, समोर चार भटके आणि मी पट्टा ओढत बाळ्या बाळ्या बाळ्या ओरडतेय. लिलावातल्या बायका वळून बघतात, हा बघत नाही. सासरे म्हणतात दोन ठेवून दे. ते करायचं नाहीये. 'बघ' म्हटल्यावर माझ्याकडे बघेल असं शिकवता येतं का?

माडाखालचा: येतं की. पण आधी नाव घेणं बंद करा, तुमची हाक म्हणजे त्याला समुद्राची गाज झालीय, चालूच असते.
उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे घ्या. एक मुठीत धरून हात बाजूला लांब करा आणि गप्प उभ्या राहा. तो मूठ चाटेल, उड्या मारेल, कंटाळेल, आणि एकदा तरी तुमच्या तोंडाकडे बघेलच. बघितलं त्याच क्षणी 'हां!' आणि तुकडा. उशीर झाला तर तो दुसरंच काहीतरी शिकतो. दोन-तीन मिनिटंच, दिवसातून दोनदा. आपणहून बघायला लागला की मगच शब्द जोडायचा, मग दोन सेकंद, तीन सेकंद असं वाढवायचं. आणि अंगावर वाकून डोळे रोखू नका, कुत्र्यांच्यात ती धमकी असते.

वेंगुर्ल्याचो_झिल: 'बघ' शब्द नको हां. घरात दिवसभर हे बघ, ते बघ, बघूया चालूच असतं, त्याला काय कळणार कुठलं आपलं? आम्ही 'नजर' ठेवलाय.
आणि थेट बंदर नको. पडवी, मग अंगण, मग गडग्याबाहेरचा रस्ता, सगळ्यात शेवटी पुळण, तीपण लांबून. जिथून तो भटक्यांना बघतो पण ताणत नाही तिथून सुरू करा. बंदरावर बिस्कीट म्हणजे लिलावात चार आण्यांची बोली, तिथे बांगडाच लागतो, उकडून काटे काढलेला. सुकट नको, मीठ असतं.

किनारेवाली: पट्टा मात्र सोडू नका, कितीही ऐकायला लागला तरी. बाजूला आंजर्ल्याला कासवं अंडी घालतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि कुत्री घरटी उकरतात. पिल्लं त्यानंतरही बाहेर पडत असतात.

हर्णैची_सून: चार दिवस झाले. पहिल्या दिवशी मूठ इतकी चाटली की हात सोलतो की काय वाटलं. आता अंगणात 'नजर' म्हटलं की लगेच बघतो, कोंबड्या समोर असल्या तरी. काल माडांच्या रांगेपासून, म्हणजे बंदर अजून बरंच लांब, दहातून दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघणार तोच सासऱ्यांनी घरातून जोरात 'बाळ्याऽऽ' हाक मारली.

माडाखालचा: दहातून दोन झाले तर आणखी मागे या, दहातून आठ होतील तिथे थांबा. सासऱ्यांनाही मुठीत तुकडा द्या.