आण्णांच्या दोन गोळ्या एकमेकींवर उलटणार नाहीत ना?

तासगावची लेक:
आण्णा 71 वर्षांचे. ऑक्टोबर छाटणीत सर्दी झाली म्हणून दुकानातनं गोळी आणून खाल्ली आणि रात्रीत लघवी तुंबली. पहाटे मिरजेला नेलं, नळी घातली. तेव्हापासून टॅमसुलोसिन चालू आहे. धार सुधारली, पण अजून रात्री चार-पाचदा उठतात, मोरीपर्यंत पोचेतो धोतर ओलं होतं. म्हणून आता मिराबेग्रॉन वाढवलंय. माझा मुलगा फार्मसीला आहे. तो म्हणतो, दोन्ही गोळ्या अ‍ॅड्रेनालिनच्या रिसेप्टरवरच्या, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागेवर ते बसून हुकूम देतं तिथल्या. एक त्याला अडवते, दुसरी चालू करते. मग दोन्ही वाया जाणार का?

कराडचे मास्तर:
ताई, वाया नाही जाणार. रिसेप्टर एकाच घराण्यातले, पण जागा निराळ्या. मी औषधशास्त्र शिकवायचो तेव्हा पखालीचं उदाहरण द्यायचो. पाणी भरताना पखालीचं पोट सैल हवं आणि तोंड आवळलेलं. लघवी साठताना मज्जातंतूंतून येणारं, अ‍ॅड्रेनालिनचंच भावंड असलेलं नॉरअ‍ॅड्रेनालिन ही दोन्ही कामं करतं: पिशवीच्या भिंतीतल्या बीटा-3 रिसेप्टरवर बसून स्नायू सैल करतं, तोंडाशी आणि त्याखालच्या प्रोस्टेट ग्रंथीमध्ये अल्फा-1 वर बसून आवळतं. टॅमसुलोसिन तोंडाचा आवळ कमी करतं, मिराबेग्रॉन पोट सैल ठेवतं. बीटा-3 चा जीन 1989 साली हाती लागला. माझ्या विद्यार्थिदशेत पुस्तकात बीटा दोनच होते.

मला काळजी त्या सर्दीच्या गोळीची वाटते. पाकीट असेल तर वाचा. फिनाइलेफ्रिन नाक मोकळं व्हावं म्हणून घालतात, पण ते अल्फा-1 वरच काम करून तोंड आवळतं. सोबत क्लोरफेनिरामिन असेल तर पिशवीला दाबायला सांगणारं अ‍ॅसिटिलकोलीनही अडतं. वाढलेल्या प्रोस्टेटच्या माणसाला एवढं पुरतं.

सांगलीची सिस्टर:
मिराबेग्रॉनवर बीपी वाढू शकतं, मोजत राहा. धार पुन्हा बारीक झाली किंवा ओटीपोट फुगलं तर थांबू नका, लगेच दाखवा. टॅमसुलोसिनने पहिले काही दिवस उठताना चक्कर येते, रात्री मोरीचा दिवा चालू ठेवा. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर ही गोळी आधी सांगाच. तिच्यामुळे बुबुळाचा पडदा ढिला पडतो, सर्जनला तयारी ठेवावी लागते.

तासगावची लेक:
मास्तर, पाकीट आण्णांच्या बंडीच्या खिशात सापडलं. दोन्ही नावं आहेत त्यावर. सिस्टर, डावा डोळा पुढच्या महिन्यात करायचाय, कुणी विचारलंच नव्हतं. आत्ताच फोन लावते.