धागा : शाळेसाठी तुमच्या घरात कोण उभं राहिलं?

शहापूरची आजी :
12 मार्च जवळ आला, नातवाचं भाषण बसवत होते. यशवंतराव चव्हाण, जन्म त्याच तारखेचा, 1913, आजोळी देवराष्ट्र्याला. वडील बेलिफ, ते प्लेगात गेले. आई विठाबाईंनी पोरं वाढवली. कराडच्या टिळक हायस्कुलात असताना 26 जानेवारी 1932 ला तिरंगा लावला, 18 महिन्यांची शिक्षा झाली. मास्तर आईला घेऊन तुरुंगात भेटायला गेले. म्हणाले, माफी मागितली तर सुटेल. आई म्हणाली, माफी मागायची नाही, तब्येतीला जप.
इथं माझा आवाजच फुटेना. आमच्या आईला सही येत नव्हती. प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवायच्या आधी ती हात धुऊन, पदराला पुसून यायची. तुमचंही लिहा.

निपाणीकर :
आई विड्या वळायची. मांडीवर सूप, हातात कात्री, समोर मी पाढे म्हणत. चुकलो की कात्री थांबायची, बस्स. कॉलेजला कोल्हापूर. यशवंतरावपण मॅट्रिकनंतर कोल्हापुरातच, राजाराम कॉलेज, 1938 ला बीए. तेव्हा शिवाजी विद्यापीठ कुठलं, ते 1962 चं. दूध उतू चाललंय, नंतर लिहितो.

जांबोटीवाली :
आजीनं पोत्याची खोळ करून दिलेली. मी भिजायची, दप्तर कोरडं. तेवढंच बघायची ती.

तिसरं रेल्वेगेट :
मास्तरांनी वर्गात विचारलं कोण होणार, तर यशवंतराव म्हणाले, मी यशवंतराव चव्हाण होणार! नातवाला हे सांगितलंत काय?

शहापूरची आजी :
सांगितलं की. तो म्हणतो, मग मी पण मीच होणार 😄

चव्हाट गल्ली :
प्लेगचं वाचून आठवलं, आमची पणजी सांगायची, गाव रिकामं करून शेतात खोपी घालून राहायचे. भांडीकुंडी तिथंच.

खडेबाजार :
आमच्यासाठी शेजारच्या अक्का. घरी सगळी मराठी, कन्नडला मी रडकुंडीला. रोज संध्याकाळी ओट्यावर बसवून बाराखडी गिरवून घेतली, एक पैसा घेतला नाही. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, कन्नडात 81 पडले, पेढे आधी त्यांच्या देवापुढं. मागच्या साली गेल्या. अजून ओट्याकडं बघवत नाही.

जांबोटीवाली :
अक्कांना नमस्कार माझाही.

निपाणीकर :
आलो. दूध गेलंच. आईला आता दिसत नाही, पण नातीचे पाढे ऐकते. सतराचा चुकला की लगेच कळतं.

हिंदवाडी :
मध्येच विचारते, मराठी माध्यमाची पाचवीची जुनी पुस्तकं कुणाकडं आहेत काय? कामवाल्या मावशींच्या मुलीला पाहिजेत.

शहापूरची आजी :
नातवाची आहेत. गणिताचं जरा फाटलंय, खळ लावून चिकटवते. उद्या चारनंतर या.