नाणेघाटाची दगडी वाट: सल्लागारावर किती खर्च रास्त, आणि श्रमदानाने नेमकं काय करावं?

घाटवाटकरी
अशा जुन्या वाटांसाठी सरकारी क्रम ठरलेला असतो: आधी सल्लागार, मग डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), मग निविदा. तोवर दोन पावसाळे जातात. दुसरीकडे श्रमदानाचे गट पहार-घमेली घेऊन तयार असतात, पण परवानगी कुणाची घ्यायची हेच कळत नाही. पायथ्याच्या वैशाखरे गावाकडून माथ्याजवळच्या कोरीव गुहेपर्यंतच्या चढावर जिथे पायऱ्यांचे दगड हलतात, तिथे लोक बाजूच्या मातीवरून चालतात आणि वाट रुंदावत जाते. सल्लागाराची फी कशी ठरते, त्यातलं काय खरंच लागतं, आणि स्वयंसेवकांना कायद्यात बसून काय करता येईल? जाणकारांनी सांगावं.

मोजमापपुस्तक
मूळ दुखणं फी मोजण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक वेळा ती कामाच्या अंदाजित खर्चाच्या टक्क्यांत ठरते. समजा अंदाजपत्रक २ कोटींचं आणि फी ४ टक्के, म्हणजे ८ लाख. तीच वाट स्थानिक दगड-मुरुमात ४० लाखांत होत असेल तर फी उरते १ लाख ६० हजार. आता कोणता सल्लागार स्वस्त काम सुचवेल? मग अहवालात रेलिंग, पेव्हर ब्लॉक, कमान, सेल्फी पॉइंट आणि सोलर दिवे येतात. पाण्याच्या चरांना मात्र अर्धं पानही मिळत नाही.

टक्क्यांऐवजी एकरकमी फी ठरवा आणि ती टप्प्यांवर बांधा. सल्लागाराकडून विकत घेण्याजोग्या गोष्टी तीनच: टोटल स्टेशनने (अंतर-कोन मोजणाऱ्या यंत्राने) केलेली मोजणी, दर २० मीटरला वाटेच्या स्थितीची फोटोसह नोंद, आणि पाणी कुठून येतं नि कुठे सोडायचं याचा नकाशा. इतिहासाचं प्रकरण कुणीही गॅझेटिअरमधून उतरवतो, त्याचे पैसे देऊ नका. शेवटचा हप्ता, निदान १० टक्के, एक पावसाळा उलटल्यावर आणि पुन्हा पाहणी केल्यावरच द्यावा, असं करारनाम्यात लिहून घ्या.

पैशाचा मार्गही पाहा. जिल्हा वार्षिक योजनेत गड-किल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारकांसाठी ३ टक्के निधी राखून ठेवण्याची तरतूद आहे. घाटमाथा जुन्नर तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्ह्यात, आणि पायथा मुरबाड तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. प्रस्ताव दोन वेगळ्या नियोजन समित्यांकडे जाणार, आणि दोघी एकमेकींकडे बोट दाखवणार, हे गृहीत धरा.

रानहद्द
परवानगीचं सांगतो, कारण इथेच गट अडकतात.

सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेली गुहा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित (परवानगी घेऊनच बांधकाम) क्षेत्र. आतल्या पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही. दुरुस्तीलाही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची ना-हरकत लागते. स्मारकाला इजा केली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'आम्ही चांगल्या हेतूने दगड बसवला' हा बचाव नाही. त्या पट्ट्यात श्रमदान म्हणजे फक्त कचरा उचलणं, तेही कळवून. पाण्याच्या कोरीव टाक्यांतला गाळ काढायचा असेल तरी खात्याच्या माणसासमोरच काढा, गाळात अवशेष असू शकतात.

खालच्या जंगलातल्या वाटेला वनखातं बघतं. राखीव वनात दगड काढणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, म्हणून 'जवळचेच दगड वापरू' हे वाक्य अर्जात परवानगी मागून लिहा. काँक्रीटची वाट म्हटली की वनेतर वापराचा प्रश्न उभा राहतो आणि फाइल वर जाते. आहे त्याच रुंदीत, सिमेंटशिवाय, सुटलेले दगड परत बसवणं हे देखभालीत मांडता येतं. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, गावच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या ठरावासह द्या. ठरावाशिवायचा अर्ज टेबलावर पडून राहतो.

पहार
मी फक्त कामाबद्दल बोलतो.

आधी पाणी, मग पायरी. वाट खचते ती चालणाऱ्यांमुळे कमी, वाटेतून वाहणाऱ्या पाण्यामुळे जास्त. डोंगराच्या बाजूने साधारण ३० सेंमी रुंदीचा चर घ्या. वाट ओलांडणारे आडवे चर वाटेला ३० ते ४५ अंशांत तिरपे ठेवा. अगदी काटकोनात ठेवले की गाळाने भरतात. चराचं तोंड उघड्या मातीवर सोडू नका, तिथे दगड पसरा, नाहीतर पुढच्या वर्षी तिथेच घळ पडेल. मे अखेरीस सगळे चर साफ, आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनंतर पुन्हा एकदा. ही दुसरी फेरी सगळे विसरतात.

पायऱ्या नेहमी खालून वर रचत जायच्या. दीड मीटर रुंद, ४५ सेंमी खोल आणि २५ सेंमी जाड पायरी धरली तर दगड सुमारे ०.१७ घनमीटर होतो. आपला काळा पाषाण घनमीटरला २.८ टनांच्या आसपास, म्हणजे एका पायरीला पावणेपाचशे किलो. तीन दगडांत बसवली तरी एकेक दीडशे किलोचा. वीस जण आणि दोन जाणते गवंडी असतील तर दिवसाला सहा-आठ पायऱ्यांवर समाधान माना. जास्त उरकायला गेलं की बोटं चेंगरतात.

दगडाची लांब बाजू डोंगरात गेली पाहिजे. दिसायला छान म्हणून लांब बाजू दर्शनी ठेवली तर दगड पहिल्याच पावसाळ्यात पुढे सरकतो. वरची पायरी खालच्या दगडाच्या मागच्या कडेवर ५ ते १० सेंमी चढलेली हवी. पृष्ठभागाला पुढे एक-दीड सेंमी उतार द्या, म्हणजे पाणी साचून शेवाळ धरणार नाही. खाली आणि मागे मुरूम व खांडक्या ठोकून भरा. नुसती माती भरली तर ती वाहून जाते आणि दगड पोकळीवर राहतो. चिपा (फटीत ठोकायचे छोटे दगड) मागून मारायच्या, पुढून मारलेली चिप चालता चालता निसटते.

सिमेंटने सांधे भरू नका. मागून झिरपणाऱ्या पाण्याला वाट राहत नाही, दाब साठतो आणि अख्खी ओळ फुगून बाहेर येते. दिवाळीनंतर लगेच काम धरा, जमीन तेव्हा मऊ असते. एप्रिलमध्ये कुदळ नुसती ठणकते.

घाटवाटकरी
@पहार, नेमकं हेच हवं होतं. आधी सल्लागारावर झालेला खर्च माहिती अधिकारात मागायचा तर काय मागावं?

मोजमापपुस्तक
'किती खर्च झाला' असं विचारू नका, एक आकडा पाठवून मोकळे होतात. कागदांची नावं लिहून मागा: कार्यादेश, करारनाम्यातली कार्यकक्षा, देयकांचे टप्पे व दिनांक, सादर केलेल्या अहवालाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीची) पानं, उपयोगिता प्रमाणपत्र (निधी कशावर खर्च झाला याचा दाखला). राज्याच्या कार्यालयात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून सल्लागाराचा एक आणि कामाचा एक असे दोन करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. केंद्रीय खात्याला ५०० शब्दांची मर्यादा, शुल्क १० रुपयेच, पोस्टल ऑर्डरने चालतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसऱ्यासाठी ९० दिवस. 'व्यापारी गोपनीयता' हे कारण निविदा मंजूर झाल्यावर सहसा टिकत नाही.

(गंमत म्हणजे त्याच घाटातल्या गुहेत यज्ञांच्या दक्षिणेचा हिशोब, गाई, घोडे आणि कार्षापण नाण्यांच्या आकड्यांसह, भिंतीवर कोरून ठेवलाय. तो वाचायला अर्ज लागत नाही.)

कडा_नी_कपार
एक दुरुस्ती. सल्लागार सरसकट नको हा सूर पटत नाही. माथ्याजवळच्या नळीत (अरुंद घळीत) दोन्ही बाजूंना कातळ आहे. वरचे सुटे दगड, भेगांतून झिरपणारं पाणी आणि खाली पावसाळी गर्दी हे गवंड्याचं काम नाही. तिथे भूवैज्ञानिक हवा, कोणता दगड पाडायचा आणि कोणता अडकवून ठेवायचा हे त्यानेच ठरवायचं. फक्त त्याची नेमणूक तेवढ्याच टप्प्यापुरती करा, सगळ्या वाटेसाठी नको.

श्रमदानाच्या गटाने हजेरीपट ठेवावा: नाव, तास, किती मीटर चर, किती पायऱ्या. आधीचे-नंतरचे फोटो एकाच खुणेवरून काढा. ही नोंद वनखात्याला आणि ग्रामपंचायतीला दर महिन्याला दिली की पुढच्या अंदाजपत्रकात तेच काम 'नवीन' म्हणून दाखवणं अवघड जातं. आणि गटाचा अपघात विमा काम सुरू करण्याआधी उतरवा. काही कार्यालयं परवानगीच्या पत्रातच त्याची प्रत मागतात.