मदत हवी आहे: जुन्या स्क्रीनवरून टी-शर्ट छापून देणारे कोणी आहे का?

पुण्याच्या पेठांमध्ये पूर्वी हाताने स्क्रीन प्रिंटिंग (चौकटीत ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छपाई) करणारे छोटे कारागीर असत. गणेशोत्सवाआधी मंडळांचे टी-शर्ट तेथेच छापले जात, आणि प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागत असल्याने दुसरा रंग कधीकधी किंचित सरकलेला दिसे (मला तरी तेच आवडे). आमच्या मंडळाच्या माळ्यावर १९९० च्या दशकातील अशा दोन लाकडी फ्रेमी सापडल्या आहेत. जाळीवरील इमल्शनची (आकृतीबाहेरील छिद्रे बुजवणाऱ्या थराची) आकृती शाबूत आहे, मात्र जाळीचे कापड सैल पडले असून कडेला जुनी शाई घट्ट बसली आहे. त्यांवरून सुमारे ४० सुती टी-शर्ट छापता येतील का, आणि पाण्यात मिसळणारे रंग त्या इमल्शनला सोसतील का? डीटीएफचा (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवण्याच्या पद्धतीचा) प्लास्टिकसारखा थर नको आहे. इतके लहान काम हाताने करून देणारे कोणी ठाऊक असल्यास कृपया कळवावे. जाळी बदलावीच लागणार असेल, तर आकृती आधी कशी उतरवून घ्यावी, हेही सांगावे.