तेलावरचं आयातशुल्क शेतकऱ्यापर्यंत पोचतच नसेल, तर ते माझ्या कढईतून का घ्यायचं?

सोऱ्या (सिडको, नाशिक)

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्यात, म्हणून गेल्या वर्षापासून मनात राहिलेलं आत्ताच मांडते. मी नऊ वर्षं घरून फराळ करून देते. गणपतीत भाव सांगायचा, निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे आणि दसऱ्यानंतर कढई चढवायची, ही माझी पद्धत. २०२४ ला ७ सप्टेंबरला गणपती बसले, आठवड्याभरात शंभरेक घरांना भाव सांगून झाला. आणि १४ सप्टेंबरला केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून एकदम २० टक्के केलं. उपकर-अधिभार धरून साडेपाच टक्क्यांचे साडेसत्तावीस झाले. रिफाइंडवर १३.७५ चे ३५.७५.

रविवार कारंजावर पंधरा किलोचा सोयाबीन तेलाचा डबा मी साडेसतराशेला घेत होते, तो दसऱ्याला बावीसशे. दुकानदाराला म्हटलं, हा माल तर जुन्या शुल्काचा आहे. तो म्हणाला, ताई, पुढचा डबा मला ज्या भावाने येणार त्याच भावाने हा विकावा लागतो. त्याचं त्याच्यापुरतं बरोबर असेल. पण त्याच आठवड्यात केंद्राच्या अन्न विभागाने कंपन्यांना सांगितलं होतं की शून्य शुल्काने आलेला साठा संपेपर्यंत भाव वाढवू नका. साठा सुमारे ३० लाख टन, म्हणजे ४५ ते ५० दिवस पुरेल इतका. पन्नास दिवस मोजले तर दिवाळी आरामात पार पडत होती. माझ्या डब्याला ते पन्नास दिवस काही मिळाले नाहीत.

एका डब्यात चाळीस-पंचेचाळीस किलो चकली निघते. तेव्हा किलोमागे दहाच रुपये वाढले असं कुणी म्हणेल. पण माझे हंगामाला बारा डबे लागतात, आणि साडेचारशेने बारा म्हणजे ५,४०० रुपये. शब्द दिलेला भाव मी बदलला नाही. माझ्या हंगामाच्या कमाईतला पाव हिस्सा तिथेच गेला.

हे सगळं सोयाबीन उत्पादकासाठी केलं असं सांगितलं गेलं. खरंच त्याच्या हातात गेलं असतं तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. पण त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाच्या खालीच विकलं जात होतं. मग माझे पैसे गेले कुठे? आयातशुल्क हा शेवटी गिऱ्हाइकाकडून घेतलेला करच आहे, असं माझं मत झालं आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण सांगावं.

पालखेड टेल (येवला)

ताई, कारण सांगतो. चार एकर सोयाबीन होतं माझं, त्याच साली. बावीस क्विंटल झालं. खरेदी केंद्रावर नेलं तर ओलावा मोजायच्या यंत्रावर १६ आलं. मर्यादा १२ ची. परतीच्या पावसात काढलेला माल, १२ वर कुठून येणार? ट्रॅक्टर तसाच मागे फिरवला आणि व्यापाऱ्याला ४,०५० ने दिला. पुढे नोव्हेंबरात मर्यादा १५ केली, तोवर माझा माल जाऊन महिना झाला होता. हमीभावाशी तुलना केली तर अठरा हजारांच्या वर गेले.

तुमचे ५,४०० गेले ते खरं, मी ते लहान म्हणत नाही. पण तेलावर शुल्क नसतं तर मला ४,०५० तरी मिळाले असते का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. शुल्क शून्य होतं तेव्हा पाम आणि सोयातेल बंदरावर ज्या भावाने उतरत होतं, त्या भावात इथली मिल माझा दाणा कशाला गाळेल? शुल्काने भाव वाढला नसेल, पण आणखी पडायचा राहिला.

आणि एक सांगा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली. लासलगाव, पिंपळगावचे लिलाव बंद पडले होते. मे २०२४ ला बंदी उठली तरी ४० टक्के राहिले, सप्टेंबरात २०, आणि पूर्ण हटले १ एप्रिल २०२५ ला. शहरातल्या घराला कांदा स्वस्त मिळावा म्हणून. तेव्हा हा माझ्या कांदाचाळीतून काढलेला कर आहे असं सिडकोतून कुणी लिहिलं होतं का?

न्हावा शेवा फाइल

मी कस्टम क्लिअरिंगच्या कामात आहे, मूळ नाशिकरोडचा. थोडा हिशेब मांडतो, कारण दोन्हीकडे आकडे अर्धेच आलेत.

मूळ शुल्क २०, त्यावर कृषी पायाभूत सुविधांचा उपकर ५, झाले २५. या २५ वर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे अडीच. एकूण २७.५. हे आपल्या बिलावरच्या भावावर लागत नाही, सरकार दर पंधरा दिवसांनी पामसारख्या तेलांची टॅरिफ व्हॅल्यू, म्हणजे शुल्क मोजायला धरायची किंमत, जाहीर करतं, तिच्यावर लागतं. टनाला हजार डॉलर आणि डॉलरला ८४ रुपये धरले, तर वाढलेले २२ टक्के म्हणजे किलोला साडेअठरा रुपये. पंधरा किलोच्या डब्याला पावणेतीनशे. सोऱ्याताईंचे साडेचारशे वाढले, त्यातले पावणेतीनशे शुल्काचे. उरलेले पावणेदोनशे शुल्काच्या नावावर टाकू नका. त्या काळात जगभर पामतेल चढत होतं, बाकी पेठेतल्यांनी हात मारला असेल.

आपण जे तेल खातो त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरचं आहे. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफूल रशिया-युक्रेनचं. एवढं परावलंबन असताना शुल्क वाढलं की ते गिऱ्हाइकावर येणारच, कारण त्याला दुसरीकडे जायला जागा नाही. या मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूने.

खडू (महात्मानगर)

मी अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो. हे परावलंबन आलं कुठून, ते या चर्चेत राहून जाऊ नये.

१९८६ मध्ये तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू झालं. बियाणं, हमीभाव, खरेदी आणि आयातीवर बंधन, हे सगळं एकत्र चाललं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण होता. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली केली, तेव्हा शुल्क ६५ टक्के होतं. पुढच्या वर्षी ३०, मग २०, आणि १९९८ पर्यंत १५. चार वर्षांत ६५ चे १५. जागतिक व्यापार संघटनेत पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा आपल्याकडे असताना हे आपणच आपल्या हाताने केलं. सोयातेलावर मात्र ४५ ची मर्यादा आपण कबूल केलेली आहे.

मग फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचं युद्ध लागलं, सूर्यफूल तेल अडकलं. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली, ती तीनेक आठवड्यांनी उठली. त्या दिवसांत डब्याचा भाव काय होता हे सोऱ्याताईंना माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल. तेव्हा आपलं शुल्क तर कमी होतं. स्वस्त आयात कायम स्वस्त राहते, यावर घराचा हिशेब बसवणं धोक्याचं आहे. म्हणून मी शुल्काच्या बाजूने आहे.

सोऱ्या

सर, २०२२ चं नीट आठवतं. डबा अडीच हजारांच्या पुढे गेला होता आणि दोन महिने मी तळणाचं काही केलंच नाही, लाडू-पापडावर काढले. तुमचा मुद्दा मान्य.

पण तुम्हीच सांगितलंत की १९८६ ला बियाणं, भाव, खरेदी सगळं एकत्र होतं. आता त्यातलं फक्त शुल्क उरलं आहे. १६ ओलाव्यावर ट्रॅक्टर माघारी पाठवणारं केंद्र आणि वर शुल्क, याला अभियान कसं म्हणायचं? आणि तो ५ टक्के उपकर शेतीच्या नावाचा आहे. त्यातला वाटा राज्याला देणं बंधनकारक नसतं, असं वाचलं. खरं आहे का?

पालखेड टेल दादा, कांद्याबद्दल लिहिलं नव्हतं, हे खरं. लिहायला हवं होतं. तेव्हा कांदा वीस रुपयांनी मिळाला म्हणून मी खूश होते.

न्हावा शेवा फाइल

खरं आहे. उपकर आणि अधिभार राज्यांना वाटून द्यायच्या रकमेत येत नाहीत, केंद्राकडेच राहतात.

आणखी एक. सप्टेंबर २०२४ नंतर नेपाळहून रिफाइंड सोयातेल भराभर यायला लागलं. नेपाळमध्ये एवढं सोयाबीन पिकत नाही. कच्चं तेल बाहेरून आणायचं, तिथे साफ करायचं आणि दक्षिण आशियाच्या मुक्त व्यापार करारामुळे शून्य शुल्काने आपल्याकडे पाठवायचं. म्हणजे बंदरावरचं दार लावलं आणि मागचं उघडं राहिलं. ३० मे २०२५ ला केंद्राने कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० चं १० केलं, एकूण १६.५, आणि रिफाइंडवर ३५.७५ तसंच ठेवलं. त्याने इथल्या रिफायनऱ्यांना काम मिळालं. हा बदल मला पटला.

सीआर शीट (अंबड)

तेलातलं मला कळत नाही, पण पत्र्यातलं कळतं. माझं प्रेस पार्टचं छोटं युनिट आहे, अकरा माणसं. २१ एप्रिल २०२५ पासून बाहेरून येणाऱ्या सपाट पोलादावर १२ टक्के सेफगार्ड ड्यूटी, म्हणजे इथल्या गिरण्यांना आयातीपासून वाचवायचं तात्पुरतं शुल्क, लागली, २०० दिवसांसाठी. मी एक किलोसुद्धा बाहेरचा पत्रा घेत नाही. तरीही मला फटका बसला, कारण बाहेरचा माल महागला की इथल्या मोठ्या गिरण्यांना भाव वाढवायला मोकळीक मिळते. मोठ्या पुरवठादारांच्या करारात पत्र्याचा भाव वाढला तर पार्टचा भाव वाढायचं कलम असतं. माझ्यासारख्याच्या ऑर्डरीत नसतं. भाव मान्य करून घ्यायला दोन-तीन महिने जातात, तोवर वाढ माझ्या खिशातून.

म्हणून खडू सरांना विचारतो, संरक्षण कुणाला? पोलाद गिरणीला संरक्षण दिलं की तिचं गिऱ्हाईक असलेला मी उघडा पडतो. माझ्या पार्टला संरक्षण दिलं तर मोटारसायकल घेणारा. ही साखळी शेवटी घरातच जाऊन थांबते.

दुसऱ्या बाजूचंही पाहतोय. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के शुल्क लावलं. माझे एक गिऱ्हाईक पंपाचे भाग तिकडे पाठवतात. शुल्क तिथला आयातदार भरतो हे कागदावर बरोबर, पण त्याचा पहिला मेल आला तो, तुम्ही किती कमी करता, असा. माझ्या गिऱ्हाइकाने मला फोन करून तेच विचारलं. मी माझ्या वेल्डरला कसं विचारू?

बांधावरून (दिंडोरी)

सीआर शीट साहेबांना जे आता कळतंय ते आम्ही द्राक्षवाले बरीच वर्षं बघतोय. बांगलादेश आमचं मोठं गिऱ्हाईक. त्यांनी द्राक्षावरचं आयातशुल्क वाढवत नेलं. व्यापारी बागेत येतो, घड हातात घेतो, मणी दाबून बघतो, माल छान आहे म्हणतो आणि बॉर्डरचा टॅक्स वजा करून भाव बोलतो. द्राक्ष थांबत नाही. साखर भरली की आठ-दहा दिवसांत काढावंच लागतं. ज्याला थांबता येत नाही त्याच्याकडून शुल्क वसूल होतं, मग ते कोणत्याही देशाने लावलेलं असो.

हीच गोष्ट सोऱ्याताईंची. भाव सांगून, आगाऊ घेऊन बसल्यावर त्यांनाही थांबता येत नव्हतं.

खडू

बांधावरून यांनी नेमकं बोट ठेवलं. सीआर शीट यांच्या प्रश्नाला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. कच्च्या मालावर शुल्क आणि तयार माल मुक्त व्यापार करारातून सवलतीने, ही उलटी रचना चूकच आहे. पण त्यावरून शुल्कच नको म्हणणं मला मान्य नाही. तेलबियांत शुल्काला दहा वर्षांची दिशा हवी. साडेआठ महिन्यांत २० चे १० झाले, तर मिलवाला यंत्र कशाला बसवील आणि शेतकरी बियाणं कशाला बदलील?

सोऱ्या

मग माझी मागणी एवढीच लिहिते. शुल्काचा दर पेरणीच्या आधी, मे महिन्यात जाहीर करा आणि वर्षभर हलवू नका. मी गणपतीत भाव सांगताना तो धरून सांगेन. माझी गिऱ्हाइकं किलोला दहा रुपये जास्त देतात, मी त्यांना ओळखते. आणि शुल्क घेणार असाल त्या वर्षी खरेदी केंद्र ओल्या मालासह उघडं ठेवा. दादा, असं झालं तर तुम्ही पुन्हा सोयाबीन लावाल का?

पालखेड टेल (येवला)

लगेच हो म्हणणार नाही ताई. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं अठरा किलो. बाकी पेंड. त्या सालात पेंडीलाच उठाव नव्हता, कारण इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीपेक्षा स्वस्त पडत होता. त्यामुळे तुमच्या तेलावर किलोमागे साडेअठरा रुपये चढले ते सगळेच्या सगळे मला दिले असते, तरी क्विंटलला ३३३ रुपये झाले असते. मला कमी पडत होते ८४२. हा हिशेब मी तुमचा धागा वाचल्यावर पहिल्यांदा मांडला. शुल्क माझी बाजू एकट्याने सांभाळत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. काढून टाका म्हणालात तर मात्र विरोध करीन.

आणि यंदा सोयाबीन नाहीच. चारही एकर मका टाकला आहे, मक्यापासून होणाऱ्या त्याच इथेनॉलच्या भरवशावर. २०२५-२६ चा हमीभाव २,४००. कणसं भरलीत, पाऊस उघडला की सोंगणी. अमेरिकेला व्यापार करारात त्यांचा मका इकडे विकायचा आहे, असं पेपरात येतं. मक्यावर सध्या ५० टक्के आयातशुल्क आहे, काही कोटा सोडून. ते कमी झालं का, एवढी एकच बातमी मी रोज सकाळी शोधतो.