मदत हवी आहे : सामाईक आवारातून गॅसची पाइप
दाभोळच्या टर्मिनलचा गॅस 2013 पासून पार बेंगळुरूपर्यंत जातो, आणि आता कुठे आमच्या गुहागर तालुक्यातल्या वाडीत पिवळी पाइप आली. जांभा दगड फोडून आवाराच्या गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) पोचलीये. तिथून घर साधारण 40 मीटर आत, पण आवार सामाईक. सातबाऱ्यावर 11 नावं, बहुतेक मुंबईत. कंपनी सगळ्यांची लेखी संमती मागते. सात जणांच्या सह्या मिळाल्या, दोघांचा पत्ताच नाही, दोघं वारलेत, वारसनोंद व्हायचीय. घरपट्टी, वीजबिल माझ्या नावावर. ग्रामपंचायतीचा दाखलाही दिला, चालला नाही. वाटणीचा दावा लावायचा नाहीये. आई 78 वर्षांची, सिलिंडर बदलणं तिला झेपत नाही. अशा सामाईक जागेत हमीपत्रावर कुणाला कनेक्शन मिळालंय का? मजकूर काय लिहिलात?